नीरेच्या पाण्याची वांटणी

पुणें जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या नीरा नदीच्या वांट्यास दोन प्रकारचा पाऊस आलेला आहे. भोरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर, तो शंभर इंचांहून अधिक पडतो. आणि तेथून बरेंच पूर्वेस, बारामती व इंदापूर या तालुक्यांत, वर्षाकांठीं वीस इंच पडला तर शेतकरी समाधान मानतो. तेवढा तरी वेळेवर पडेल असा भरंवसा नसतो. नीरा गांवाकडून बारामतीस जाणाऱ्या वाटेनें वडगांव निंबाळकर, कोऱ्हाळे बुद्रुक, पणदरें, माळेगांव अशीं गांवें लागतात. दोहों बाजूंस उभा ऊस पाहून परक्या प्रवाशास ही भूमि मूळचीच बागाइती असावी असें वाटतें. वस्तुतः हा सारा पट्टा अवर्षणाचा. येथील हिरवेपण एका कालव्यानें आणलेलें आहे, आणि तें कोणीं किती घ्यावें याविषयींचा वाद त्या कालव्याइतकाच जुना आहे.

कालव्यापूर्वींची स्थिति ध्यानांत घेतल्यावांचून पुढील हकीकत समजावयाची नाहीं. इंग्रजी अंमलाच्या आरंभीं प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें बसविलेला सारा इंदापूर तालुक्यास इतका जड झाला, कीं जमिनी पडीक पडूं लागल्या. तो मोडून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इ. स. १८३५-३६ च्या सुमारास नवी पाहणी केली, आणि जी साराबंदी पुढें सबंध मुंबई इलाख्यांत पसरली तिचा पहिला प्रयोग या तालुक्यांतच झाला. सारा हलका झाला, लागवड वाढली. पण पाऊस कांहीं वाढला नाहीं. पीक बुडालें कीं सावकार, आणि सावकाराचें व्याज चुकलें कीं जप्ती, असा क्रम चालू राहिला. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस सुपें येथें बाजाराच्या दिवशीं लोकांनीं सावकारांच्या वह्या व दस्तऐवज जाळले. हें सुपें त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतलें, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यांतलें. त्यानंतर पुरें दीड वर्षहि लोटलें नाहीं तों १८७६ चा दुष्काळ आला.

दुष्काळांत लोकांस काम द्यावयाचें तर तें कायमच्या उपयोगाचें असावें, या विचारानें नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई हातीं घेण्यांत आली. ज्यांच्या शेतांस पुढें पाणी मिळावयाचें त्यांच्यापैकीं कित्येकांनीं पोटासाठीं तोच कालवा खणला. १८८५ सालीं पाणी सुटलें. वीर येथें नदीस बंधारा घालून तेथून कालवा निघाला, आणि उंच अंगानें, बेताचा उतार राखीत, सुमारें शंभर मैल इंदापूर तालुक्यापर्यंत गेला. उन्हाळ्याचें पाणी पुरावें म्हणून नीरेस मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर भाटघर येथें धरण बांधलें. तें पुढील सात-आठ वर्षांत पुरें झालें. त्यांत पांच अब्ज घनफुटांहून थोडें अधिक पाणी साठे. धरणाची जागा पंतसचिवांच्या भोर संस्थानांत, कालव्याचें मुख इंग्रजी मुलखांत, आणि पाण्याची खरी गरज कालव्याच्या अगदीं शेंवटीं, इंदापुरांत! एका नदीचा विचार एका तालुक्यापुरता करून भागत नाहीं, हें या रचनेंतच स्पष्ट दिसत होतें.

कालवा झाला, परंतु पाणी घेण्यास कोणी पुढें येईना. इंजिनीयरांस याचें मोठें आश्चर्य वाटलें, आणि सरकारी कागदांतून शेतकऱ्याच्या अज्ञानाला व आळसाला बराच दोष मिळाला. आज त्या दोषारोपाकडे पाहतां शेतकऱ्याचा हिशेबच अधिक बरोबर होता असें म्हणावें लागतें. या भागाचें मुख्य पीक रब्बीची ज्वारी. भाद्रपद-आश्विनांत पाऊस बरा झाला तर काळ्या जमिनींत तेवढ्या ओलीवर ज्वारी येते. तिला पाणी देणें म्हणजे पाणीपट्टी भरून तेंच पीक घेणें. पाऊस बुडाला तर मात्र एकाच पंधरवड्यांत कालव्याकांठचे सारेच अर्ज करीत, आणि तेवढ्या अल्प वेळांत सर्वांस पुरेल इतकें पाणी वाहून नेण्याची कोणत्याहि कालव्याची शक्ति नसते. म्हणजे चांगल्या वर्षीं पाणी वायां जाई आणि वाईट वर्षीं अपुरें पडे. दुष्काळनिवारणासाठीं बांधलेल्या कालव्याची ही अडचण कोणाच्या हट्टामुळें नव्हती. ती त्या जमिनीच्या व पावसाच्या स्वभावांतच होती.

मग पाणी घेतलें तें उसानें. सासवडकडील माळी बागाइताच्या कामांत पिढीजात निष्णात. ते कालव्याकांठीं येऊन खंडानें जमिनी करूं लागले. पेंडीचें खत, खोल नांगरट, वेळच्या वेळीं पाण्याची पाळी आणि शेवटीं गुऱ्हाळ, हा सारा व्यवहार त्यांनीं या भागांत रुजविला, आणि स्थानिक शेतकरी तो पाहून शिकले. ज्वारीस दोन-तीन पाळ्या पुरतात; उसास वर्षांत पंचवीस-तीस लागतात. पाणी खपलें, पाणीपट्टी जमूं लागली, गुळाचे रवे बाजारांत जाऊं लागले. कालवा खात्याचा जमाखर्च त्यामुळें थोडा सुधारला, हें खरें. परंतु पाणी जेथें पोहोंचावें म्हणून कालवा खणला तेथें तें पोहोंचेना. वरच्या अंगाच्या कांहीं थोड्या गांवांतच तें मुरूं लागलें.

आणि मुरूं लागलें हा शब्द येथें अक्षरशः घ्यावयाचा आहे. कालवा वर, नदी खालीं, मध्यें उतरती जमीन. वरच्या शेतास जास्त झालेलें पाणी जमिनीखालीं उतरे, मुरमाच्या थरांतून वाट काढी, आणि ओढ्याकांठच्या सखल शेतांत पुन्हां वर येई. येतांना तें मातींतील क्षार विरघळवून आणी. उन्हानें पाणी उडून जाई व क्षार मात्र मागें राहत. पहिल्या वर्षीं पीक पिवळें पडे, दुसऱ्या वर्षीं बीं उगवत नसे, आणि पुढें शेतावर पांढरी खपली दिसूं लागे. अशा जमिनीस लोक चोपण म्हणतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील रसायनशास्त्रज्ञ डॉ. हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील या खारवट जमिनींची पाहणी करून ती १९१० सालीं प्रसिद्ध केली. तिच्यांत शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट होती ती ही, कीं पुष्कळदां चूक एकाच्या शेतांत होई व शिक्षा दुसऱ्याच्या शेतास मिळे. ज्यानें पाण्याचा थेंब विकत घेतला नाहीं त्याचीच जमीन पाण्यानें बुडे. अशा वेळीं पाण्याचा व्यवहार हा सरकार आणि एक अर्जदार यांच्यापुरता खाजगी राहूं शकत नाहीं.

तथापि १८७९ च्या मुंबईच्या पाटबंधारे कायद्यान्वयें व्यवहार होता तो तसाच. ज्याला पाणी पाहिजे त्यानें आपल्या शेतापुरता अर्ज करावा, कारकुनानें तो मंजूर करावा, पाटकऱ्यानें दार उघडावें. कोणतें शेत कोठें आहे, त्याखालची माती कशी आहे, शेजारीं काय पेरलें आहे, याचा विचार करण्याचें कोणास कारण नव्हतें. भिजणारीं शेतें सबंध पट्ट्यांत विखुरलेलीं. एका एकरासाठीं चारी मैलभर वाहावी आणि निम्में पाणी वाटेंतच जिरावें, असा प्रकार नित्याचा होता.

या स्थितींत मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं आपली योजना मांडली. ते १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या नोकरींत होते, आणि शतकाच्या शेवटीं पुणें जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांचें काम त्यांच्याकडे आलें होतें. १९०१ ते १९०३ या काळांत सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखालीं हिंदुस्थानचें पाटबंधारे कमिशन बसलें होतें. त्याच्यापुढेंहि विश्वेश्वरय्यांनीं आपलें म्हणणें ठेविलें, आणि कमिशननें तें उचलून धरलें. ही योजना ‘ब्लॉक पद्धति’ या नांवानें प्रसिद्ध झाली, आणि नीरेचा डावा कालवा ही तिची पहिली शाळा.

योजनेचें सार असें. प्रत्येक गांवांत निचऱ्याची चांगली जमीन पाहून एकमेकांस लागून असलेल्या शेतांचे गट पाडावे, आणि पाणी त्या गटांसच द्यावें. गटाच्या तीन भागांपैकीं एकांतच ऊस असावा. उरलेल्या दोहोंत कमी पाण्याचीं पिकें, आणि हीं पिकें फिरत राहावीं. पाण्याची मंजुरी वर्षाची नसून सहा वर्षांची. म्हणजे शेतकऱ्यास सहा वर्षांचा भरंवसा, खात्यास सहा वर्षांचें ठराविक उत्पन्न, जमिनीस दोन वर्षांची उसंत, आणि पाणी दोन-चार गांवांत न तुंबतां पुष्कळ गांवांत वांटलें जाईल अशी व्यवस्था. विश्वेश्वरय्यांचा भर या शेवटच्या कलमावर विशेष होता. एकाच ठिकाणीं पाणी सांचल्यानें जमीन बिघडते आणि हिंवतापहि वाढतो. तेंच पाणी पसरलें तर अधिक गांवांस आधार होतो, असें त्यांचें म्हणणें.

कागदावर हें इतकें सरळ वाटतें, कीं यास विरोध कोण करील असा प्रश्न पडावा. विरोध झाला, आणि तो समजण्याजोगा होता. कालव्याच्या वरच्या अंगाच्या ज्या बागाइतदारांस आजपर्यंत मागेल तितकें पाणी मिळत होतें त्यांस तिसऱ्या हिश्शावर यावयाचें होतें. एकाचीं शेतें चार ठिकाणीं विखुरलेलीं, त्यांतलें एक गटांत आलें आणि तीन बाहेर राहिलीं, तर त्यानें काय करावें? शेजाऱ्यानें कोणतें पीक घ्यावें यावर आपलें पाणी अवलंबून राहणें हेंहि पुष्कळांस रुचण्यासारखें नव्हतें. भाऊबंदकीच्या वादांत बांधाला बांध लागून असणें ही एकोप्याची खूण असतेच असें नाहीं.

वास्तविक महाराष्ट्रास ही कल्पना अगदींच नवी नव्हती. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर लहान लहान बंधारे घालून फड पद्धतीनें पाणी घेण्याची चाल फार जुनी आहे. तेथें बंधाऱ्याखालची जमीन सामान्यतः चार फडांत विभागलेली असते. एका फडांत एकच पीक, आणि प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा बहुधा प्रत्येक फडांत. त्यामुळें ऊस कोणत्या फडांत यावा याचा निर्णय झाला कीं लाभ व तोटा सर्वांसच वांटला जातो. पाटकरी गांवाचा, त्याचें वेतन गांवाचें, भांडण तोडणारे पंच गांवाचे. नीरेवरील ब्लॉक दिसावयास फडासारखाच. पण फड गांवकऱ्यांनीं आंखलेला आणि ब्लॉक इंजिनीयरच्या नकाशावर आंखलेला. या एका भेदामुळें पुढचें पुष्कळसें बरेंवाईट घडलें. ब्लॉकांत शेतें शेजारीं आलीं, पण शेतकऱ्यांची सभा कांहीं भरली नाहीं. करार प्रत्येकाचा सरकारशीं होता, एकमेकांशीं नव्हता.

तरी या करारानें एक अनपेक्षित काम केलें. उसास भांडवल फार लागतें. खत, बी, मजुरी यांचा खर्च आधीं आणि गुळाचे पैसे वर्ष-दीड वर्षानें. सहा वर्षांच्या पाण्याचा हक्क हातांत असलेल्या शेतकऱ्यास कर्ज देणें कमी धोक्याचें झालें. १९०४ व १९१२ च्या कायद्यांनीं सहकारी पतपेढ्यांची सोय झाली होती, आणि १९११ सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या प्रयत्नानें मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. नीरा कालव्यावरील ऊसवाल्यांच्या सोसायट्या हें या बँकेचें आरंभीचें मोठें क्षेत्र होतें, आणि बारामतीस तिची शाखा आली. ज्या तालुक्यांत १८७५ सालीं कर्जाचे कागद जाळले गेले, त्याच तालुक्यांत शेतकरी एकमेकांस जामीन राहून कर्ज काढूं लागले. पाण्याच्या बाबतींत जी सभा भरली नाहीं ती पतपेढीच्या कचेरींत भरली, असें म्हटलें तरी चालेल.

पाणी मोजून द्यावें, एकरावर पट्टी घेऊं नये, असाहि विचार याच कालव्यावर झाला. एकरावर पट्टी असली म्हणजे पाणी कमी वापरण्यांत शेतकऱ्याचा कांहींच लाभ नसतो. १९१६ सालीं मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांचा एक खास विभाग काढला. पाण्याच्या वापरांत सुधारणा करावी व पाणथळ जमिनींचा उपाय शोधावा हा त्याचा हेतु. पुढें खडकवासल्यास जी जलसंशोधन संस्था नांवारूपास आली तिचा उगम या विभागांत आहे. क्लॉड इंग्लिस या इंजिनीयरनें येथें निचऱ्याच्या चरांचे व पाणी मोजण्याच्या दारांचे पुष्कळ प्रयोग केले. निचऱ्याचे चर उपयोगी ठरले. मोजणीचा प्रयोग मात्र त्या काळीं टिकला नाहीं. दारांत दगड, गवत घालून मोजमाप चुकविण्यास शेतकऱ्यास काय लागतें! आणि ज्या पाटकऱ्यास ओळखीनें अर्धा तास अधिक पाणी सोडतां येत होतें त्यासहि काटेकोर मोजणीची आवड असण्याचें कारण नव्हतें.

१९२८ सालीं भाटघरास जुन्या धरणाच्या खालीं नवें मोठें धरण झालें. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचें नांव त्यास दिलें. सांठा पांच अब्ज घनफुटांवरून सुमारें चोवीस अब्जांवर गेला. भोर संस्थानांतील आणखी जमीन पाण्याखालीं गेली. त्याच दशकांत शेजारच्या मुळशी खोऱ्यांत धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला हें सर्वश्रुत आहे. भाटघरच्या बुडालेल्यांची कथा मात्र इतिहासांत फारशी आली नाहीं. खोऱ्याच्या वांटणींत त्यांच्या नांवें पाण्याचा हिस्सा लिहिला गेला नव्हता. वाढलेल्या पाण्यावर उजवा कालवा निघाला आणि १९३८ सालीं तो पुरा झाला. तो फलटण संस्थानांतून माळशिरसकडे गेला. आतां एका धरणाकडे दोन कांठ, दोन संस्थानें आणि तीन इंग्रजी जिल्हे डोळे लावून बसले. याच सुमारास सासवडच्या माळ्यांनीं आपला साखर कारखाना माळीनगरास काढला, आणि डाव्या कांठीं इंदापूर तालुक्यांत वालचंद हिराचंद यांच्या उद्योगानें वालचंदनगर वसलें. गुऱ्हाळाची कढई जाऊन कारखान्याचें चक्र आलें. आणि चक्र एकदां फिरूं लागलें, म्हणजे तें तिसऱ्या हिश्शाच्या उसावर समाधान मानीत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर माळेगांव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथें शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने उभे राहिले. कारखान्याचा मालक शेतकरी झाला, हा बदल लहान नव्हे. पण उसाचें क्षेत्र आतां ब्लॉकाच्या नकाशावर ठरेना. कालव्याच्या झिरप्यानें विहिरींस पाणी आलें, त्यावर इंजिनें बसलीं, नदीवरून उपसा सुरू झाला. कालव्याच्या हद्दींतलें पाणीच पण विहिरींतून उपसलेलें. त्यास सहा वर्षांचा करार लागू नव्हता. १९६५ सालीं वीर येथें मोठें धरण पुरें झालें, पुढें गुंजवणी व नीरा-देवघर आलीं. प्रत्येक वेळीं पाणी वाढलें आणि प्रत्येक वेळीं मागणी त्याच्या पुढें धांवली. वि. म. दांडेकर, देऊसकर व देशमुख यांच्या समितीनें १९७९ सालीं कालव्याचें पाणी आठ महिन्यांपुरतेंच हमीनें द्यावें, बारमाही पिकास देऊं नये, असें सुचविलें. विश्वेश्वरय्यांनीं जी गोष्ट पाऊणशें वर्षांपूर्वीं तृतीयांशाच्या भाषेंत सांगितली तीच ही, महिन्यांच्या भाषेंत. ऊसवाल्यांस ती पूर्वींइतकीच अप्रिय झाली. डाव्या-उजव्या कांठांतील वांटणीचा वाद तर अगदीं अलीकडे, २०१९ सालींहि, पुन्हां पेटला.

या साऱ्या खटाटोपांत एक वेगळें उत्तर निघालें तें कालव्यावर नव्हे, तर कालव्याच्या वरच्या कोरड्या मुलखांत. पुरंदर तालुक्यांतून कऱ्हा नदी निघते, बारामतीवरून वाहते व नीरेस मिळते. त्या तालुक्यांतील नायगांवांत १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पाणीपंचायतीची कल्पना रुजविली. नियम थोडे पण कडक. पाण्याचा हिस्सा जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरांतील माणसांवर. माणशीं अर्धा एकर भिजेल इतका. भूमिहीनासहि हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाहीं. खर्चाचा पांचवा भाग सभासदांनीं आधीं भरावयाचा. आणि ऊस अजिबात नाहीं. येथें गटाची सभा प्रथम भरली आणि पाणी मागाहून आलें. हा क्रम नीरा कालव्याच्या नेमका उलट होता. अर्थात् पाणीपंचायत लहान उपशांवर चालली. शंभर मैलांच्या कालव्यावर, कारखान्यांच्या दारांत, तोच नियम चालता कीं नाहीं याची परीक्षा कधीं झाली नाहीं, आणि साळुंखे २००२ सालीं वारले.

२००५ सालीं महाराष्ट्रानें शेतकऱ्यांनीं सिंचन व्यवस्थापन करण्याविषयींचा कायदा केला, आणि जलसंपत्ति नियमनाचें प्राधिकरणहि त्याच वर्षीं कायद्यानें निर्माण झालें. या कायद्यान्वयें पाणी एकेका अर्जदारास न देतां पाणीवापर संस्थेस द्यावयाचें, आणि तें घनमापानें मोजून. संस्थेनें आपल्या वांट्यांत कोणतें पीक घ्यावयाचें तें आपण ठरवावें. म्हणजे ब्लॉकचा गट, इंग्लिसची मोजणी आणि फडाची सभा, या तीन निरनिराळ्या गोष्टी एका कायद्यांत आल्या. संस्थेच्या समितींत चारीच्या मुखाकडील, मध्याकडील व शेवटाकडील सभासद सारखे असावे असेंहि कलम त्यांत आहे. कालव्याचा इतिहास जाणणाऱ्या कोणीतरी तें लिहिलें असावें असें वाटतें.

अनेक कालव्यांवर आजहि पाणी शेजपाळीनें दिलें जातें. चारीच्या शेवटच्या शेतापासून पाळी सुरू करावी आणि एकेक शेत भिजवीत मुखाकडे यावें, अशी तिची रीत. कोऱ्हाळ्यासारख्या वरच्या अंगाच्या गांवांत पाटाचें पाणी आधीं दिसतें. इंदापूरच्या शेतकऱ्यापर्यंत तेंच पाणी वाटेंतल्या शेंकडों दारांवरून जावें लागतें. नियमाप्रमाणें वरच्यानें वाट पाहावयाची असते. उन्हाळ्यांत, धरणाचा सांठा उतरलेला असतां, उभा ऊस सुकत असतां, आणि पाळी रात्रीं दोन वाजतां आपल्या दारावरून पुढें जात असतां, ती वाट पाहिली जाते कीं नाहीं, हें प्रत्येक वर्षीं नव्यानें ठरतें.